काचपेटीची ओटी

काचपेटीतल्या कोमट द्रवात शाल्मलीचं गर्भाशय जिवंत होतं. दुर्मिळ गाठीसकट ते बाहेर काढून डॉक्टरांनी गाठ तेवढी कोरून टाकली होती. शाल्मली वाचली होती. उद्या ते परत तिच्या पोटात बसवायचं होतं.

"गाठ पुन्हा होऊ शकते ना, डॉक्टर?" शाल्मलीने विचारलं.

"होऊ शकते. परत बसवायला नको असेल तर आत्ताच सांगा."

नको, असं म्हणायला शाल्मलीने तोंड उघडलं. तेवढ्यात सासूबाईंनी पिशवीतून खण, नारळ, तांदूळ काढले. सवयीने शाल्मलीने ओढणी पुढे पसरली.

सासूबाईंनी वाकून काचेला हळदकुंकू लावलं.

"जरा बाजूला हो गं," त्या म्हणाल्या, "मध्ये येतेस."