गाण्यात नसलेला ठेका

"आटप की रे, किती घोळ घालशील?" म्हातारा पुन्हा म्हणाला.

"काका, मान हलवू नका. हातात वस्तरा आहे, कंगवा नाही," न्हावी म्हणाला.

म्हाताऱ्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून मुलीने त्याला दाढीसाठी इथे आणून बसवलं होतं. ती मागच्या बाकावर मासिक चाळत होती. आरशाशेजारी रेडिओ चालू होता. दरवर्षी या तारखेला घरचा रेडिओ तो काहीतरी निमित्त काढून बंद ठेवायचा. इथे कुणाचा बंद करणार? तोंडभर साबण, गळ्याशी वस्तरा. चांगलाच अडकला होता. 'आजच्या दिवशी' हा कार्यक्रम सुरू व्हायच्या आत मुलीला घेऊन सटकायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"स्टेशन बदल ना."

"अहो, हाच तर कार्यक्रम ऐकण्यासारखा असतो."

आणि तो लागलाच. चाळीस वर्षांपूर्वी आजच्याच सकाळी ते गाणं रेकॉर्ड झालं, निवेदिका हसत सांगत होती. ड्रमवाला म्हणे कुठेतरी पिऊन पडला होता, आलाच नाही. मग बाकीच्यांनी नुसत्या टाळ्यांवर गाणं निभावलं, आणि त्या टाळ्यांनीच ते गाजलं.

"बेवड्याचं नशीबच फुटकं," न्हावी म्हणाला. मुलगी खुदकन हसली.

आजवर जग हसलं, त्याचं म्हाताऱ्याला काही वाटलं नव्हतं. ती हसली ते मात्र लागलं. त्याने डोळे मिटून घेतले.

गाणं सुरू झालं. टाळ्या पडू लागल्या तसा खुर्चीखालच्या पट्टीवर त्याचा पाय हलायला लागला. दोन टाळ्यांमधली प्रत्येक मोकळी जागा तो भरून काढत होता.

मुलीने मासिक खाली ठेवलं. "बाबा, हा ठेका गाण्यात नाहीये."

पाय थांबला.

"झालं, काका," न्हावी टॉवेल झटकत म्हणाला. "एवढं चकाचक होऊन स्वारी कुठे?"

"माझा वाढदिवस आहे," मुलगी म्हणाली. "आज चाळीस पूर्ण. आई सांगायची, मी सकाळी झाले, आणि तोवर बाबा दवाखान्याच्या बाकावर बोटं बडवत..."

ती तिथेच अडखळली. आरशातून बापाकडे बघत राहिली.

"बाबा, तुम्ही तर कधी थेंबही घेतला नाहीत."

"नाही घेतला. चल आता, उशीर होतोय." तो उठायला लागला.

तिने पुढे होऊन रेडिओचा आवाज वाढवला, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत खुर्चीत बसवलं.

"गाणं संपू दे, बाबा. आणि पाय थांबवू नका."