जिलबीची अपॉइंटमेंट

"पाप तुमचं आहे! मुक्या जनावराला भर डिसेंबरात घराबाहेर काढताय, आणि खाली स्वतःचं नाव लिहायची हिंमत नाही तुमच्यात!"

विश्वनाथ ओगले हे नोटीस बोर्डाकडे बघून बोलले. काचेमागे सोसायटीच्या कमिटीचा कागद होता: एका रहिवाशाच्या लेखी तक्रारीवरून फ्लॅट ३०३ मधला कुत्रा रविवारपर्यंत हलवण्यात यावा. सही नाही, नुसता शिक्का. जिन्यात ऐकायला कोणी नव्हतं. कमिटी तशीही कोणाचं ऐकते? दिल्लीच्या द्वारकेत राहायला येऊन सहा वर्षं झाली, पाण्याचा टँकर अजून तिसऱ्या दिवशी येतो. लिफ्ट महिन्यातले दहा दिवस चालते. मेट्रोच्या खांबांसाठी उकरलेला रस्ता तसाच पडलाय. यातलं काही म्हणजे काही हललं नाही. हलायचं ते त्या कुत्रीनं.

ते तिसऱ्या मजल्यावर आले. त्यांच्या समोरच्या फ्लॅटचं दार उघडंच होतं.

"काका, चलो ना, जिलबीची पार्लरची अकराची अपॉइंटमेंट आहे," केतकी म्हणाली.

केतकी तिथं भाड्यानं राहायची आणि गुडगावला नोकरीला जायची. घरमालकानं कानपूरहून फोनवर निकाल सुनावला होता: कुत्रा किंवा फ्लॅट. मग ऑफिसातल्या कोणाची तरी गाझियाबादची बहीण जिलबीला घ्यायला तयार झाली. फोटो बघून. फोटोतली जिलबी म्हणजे पांढऱ्या कुरळ्या केसांचं गुबगुबीत पिल्लू होती. आता सतरंजीवर बसलेल्या जिलबीच्या अंगाची घोंगडी झाली होती.

विश्वनाथांनी तिच्या पोटाखाली हात घातला. "आंघोळ घातलीस?"

"रविवारी. मस्त शॅम्पू लावून."

"न विंचरता?"

"का? काय झालं?"

"पाणी लागलं की हे केस आवळतात. आधी विंचरायचं, मग पाणी. कितीदा सांगितलं."

केतकीचा चेहरा पडला. "पार्लरवाला म्हणाला, मॅट्स असतील तर झिरो मशीन."

"मॅट्स काय? गुंता म्हण."

"गुंता. तेच ते, यार. टकली होईल ती, काका! आणि टकलीला बघून त्या बाई नको म्हणाल्या तर?"

तर उद्यापर्यंत दुसरं घर मिळणार नव्हतं. विश्वनाथ खाली बसले. गुडघे कडकड वाजले.

गाठी सुटाव्यात म्हणून त्यांनी त्यांवर कॉर्नफ्लॉवर भुरभुरवलं. एकेक गाठ बोटांनी सोडवली, मग कंगवा. केस मुळाशी दोन बोटांत धरायचे, म्हणजे ओढ कातडीला लागत नाही. टोकापासून सुरुवात, हळूहळू मुळाकडे. हे सगळं ते आठ महिन्यांत शिकले होते. एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नी वृंदाबाई गेल्या आणि घर गप्प झालं. जिलबी एकटी राहिली की दुपारभर भुंकायची, म्हणून केतकीनं भीत भीत विचारलं होतं, तुमच्याकडे ठेवू का? तेव्हापासून दुपारी ती त्यांच्या पायाशी. सचिवालयातून निवृत्त झालेला माणूस कुत्र्यासाठी भात शिजवायला लागला.

"काका, तक्रार कोणी केली असेल हो?"

विश्वनाथांनी कानामागची गाठ हातात घेतली. ती चिवट होती.

"मला तर वाटतं, खालच्या भसीन आंटी," केतकी म्हणाली. "जिलबी दिसली की पदर सावरून भिंतीला चिकटतात. मी त्यांच्याशी बोलणंच सोडलंय."

"असतील."

"आणि एक तुम्ही. तीनदा जाऊन आलात कमिटीकडे. कोण करतं एवढं?"

तीनदा गेले होते खरे. पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं. सेक्रेटरीनं चहा पाजून सांगितलं होतं, "ओगले साहब, रिज़ॉल्यूशन पास हो गया. अब तो आप भी कुछ नहीं कर सकते."

"त्या भसीनबाईंशी बोल तू," विश्वनाथ एकदम म्हणाले.

"का म्हणून?"

"शेजार आहे, बाई. बोलावं."

"नो वे. जिलबीचं घर गेलं त्यांच्यामुळे."

त्यांनी मान खाली घातली आणि काखेतला गुंता धरला. जिलबी एकदा कळवळली, पण दात नाही लावला. उलट त्यांचं मनगट चाटलं. कंगवा तिथंच थांबला. मग त्यांनी नाक पुसलं आणि पुन्हा सुरू केलं. पावणेदहाला कंगवा मानेपासून शेपटीपर्यंत कुठंही न अडकता फिरला.

"काका, तुम्ही जादूगार आहात!"

खाली गेटवर वॉचमन हसला. "जलेबी मैडम, आज तो हीरोइन लग रही हो!"

टॅक्सी उभी होती. आधी पार्लर, तिथूनच परस्पर गाझियाबाद. जिलबी टुणकन आत चढली, सीटवर सरकून बसली आणि बाजूची जागा रिकामी ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली.

"या ना सोबत," केतकी म्हणाली. "बिल्कुल गडबड करणार नाही ती, तुम्ही असलात तर."

"नको. मला एक अर्ज लिहायचाय."

"अजून अर्ज? त्यांना नाही हो फरक पडत."

टॅक्सी वळणावर जाईपर्यंत भुंकणं ऐकू येत होतं. मग तेही नाही.

विश्वनाथ घरी आले. स्वेटरभर पांढरे केस होते, ते त्यांनी झटकले नाहीत. कागद ओढला आणि लिहायला बसले.

"माननीय सेक्रेटरी महोदय, पाणी, लिफ्ट आणि रस्ता यांबद्दल मी सहा वर्षांत आपल्याकडे एकतीस अर्ज दिले. एकाचीही पोच आली नाही. बत्तिसावा मार्चमध्ये दिला. तेव्हा माझी बायको अंथरुणाला खिळली होती आणि समोरच्या फ्लॅटमधला कुत्रा तिला दुपारभर झोपू देत नव्हता. बत्तिसांमधला नेमका तेवढाच एक आपण मंजूर का केलात? उत्तर द्या."