दोरीवरची माणसं

बायडाबाई त्या फोटोपुढं उभी राहिली ती हलेचना. रेशनच्या मिलोची, तांबड्या परदेशी ज्वारीची, पिशवी हातातून कधी सुटली, तिला पत्ता नव्हता.

"ह्यो माजा भीमा हाय," ती म्हणाली.

आप्पासाहेब मास्तरांनी वही उघडली. "पूर्ण नाव सांगा, आजी. गाव कोणतं?"

पारनेरच्या कचेरीसमोर, लिंबाच्या दोन झाडांना बांधलेल्या दोरीवर दीडशेएक फोटो चिमट्यांनी लावले होते. त्र्याहत्तर साल, बाजाराचा दिवस. दुष्काळानं माल थोडा, माणसं मात्र नेहमीइतकीच.

फोटो काढले होते मच्छिंद्रनं. ह्याच लिंबाखाली तो बारा वर्षं लाकडी पेटीचा कॅमेरा मांडून बसला. कुणाला अर्जाला फोटो लागायचा, कुणाला भरतीला. काळ्या फडक्यात डोकं घालून तो पेटीतच कागद धुवायचा आणि फोटो हातावर ठेवायचा. तो फोटो अर्जाला चिकटून कचेरीत जायचा, तो जायचाच. मागं राहायचा उलटा कागद, गोऱ्याचं काळं नि काळ्याचं गोरं दाखवणारा. ते कागद मच्छिंद्र घरी ट्रंकेत जपून ठेवी. दोन वर्षांपूर्वी काविळीनं तो गेला. त्याच्या बायकोनं, लंकाबाईनं, त्यातले काही चुलीत घातले, काही खिडकीच्या भगदाडाला डकवले. भुतासारखी ती तोंडं तिला बघवत नसत.

उन्हाळ्यात हे आप्पासाहेब, नगरचे ड्रॉइंग मास्तर, दुष्काळी कामाची चित्रं काढायला आले, तिच्या दारी पाणी प्यायला थांबले आणि खिडकीपाशी थबकले. एक कागद त्यांनी उन्हाकडं धरला. मग ट्रंकच घेऊन गेले. दोन महिने खपून जमले तेवढे फोटो त्यांनी छापले. वाळवीनं पोखरलेले मूळ कागद छापता छापता हातात विरून गेले. उरली ती एकेक प्रत. मुंबईच्या एका संग्रहालयानं ते सगळे मागितले. फक्त माणसांची नावं हवी होती, म्हणून मास्तर फोटो पारनेरला घेऊन आले होते.

"मोठमोठे लोक बघायला येतील, लंकाबाई. मच्छिंद्ररावांचं नाव होईल," ते म्हणाले होते. ते ऐकून ती कामावर खडी फोडता फोडता रडली होती. जिवंतपणी त्याला कुणी बरं म्हटलं नव्हतं. 'पाटी उचलायची सोडून फडक्यात तोंड लपवतो,' असं सासरा म्हणायचा. खरं सांगायचं तर तीही म्हणायची.

"भीमा सूर्यभान, हिवऱ्याचा," बायडाबाई सांगत होती. "पलटनीत जायाचं म्हून अर्ज केल्ता. बोलावनं यायच्या आधीच हिरीची दरड अंगावर आली. घरात एक बी फोटू न्हाई. आताशा त्याचं त्वांड नीट आठवत न्हवतं बगा. डोळं मिटलं की थोरलाच दिसायचा." ती थांबली. "ह्यो मी नेऊ का?"

मास्तर घुटमळले. "आजी, तो आता संग्रहालयाचा झाला. तिथंच राहणार."

"ऱ्हाऊ द्या मंग," ती म्हणाली. पदराच्या टोकानं तिनं फोटोवरचा फुफाटा पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिली.

दोरीपाशीच उभी असलेली लंकाबाई पुढं झाली. चिमटा काढला आणि फोटो म्हातारीच्या हातात दिला.

"अहो, काय करता? एकेक फोटो मोलाचा आहे!"

"म्हनून तर देते, मास्तर."

मग दोरीशी झुंबड उडाली. कुणाला आई सापडली, कुणाला सासरी जाऊन वारलेली बहीण. एकाला स्वतःच्याच मिशा सापडल्या, तो हसत सुटला. मास्तर वही मिटून लांब उभे होते. पण डोळ्यांत मोतीबिंदू झालेला एक म्हातारा भावाला शोधत दोरी चाचपू लागला, तसं त्यांना राहवलं नाही. एकेक चेहरा त्याला वर्णन करून सांगत ते दोरीच्या टोकापर्यंत गेले, आणि शेवटी आपल्याच हातानं त्यांनी एक चिमटा काढला.

दुपार कलताना सात फोटो उरले. त्यांना ओळखणारं कुणी आलं नाही.

"ही सात तुमी न्या मुंबईला," लंकाबाई म्हणाली.

"सातांचं कसलं प्रदर्शन, लंकाबाई?" मास्तर कसनुसं हसले. "मच्छिंद्ररावांचं नाव राहूनच गेलं."

लंकाबाई दोरी गुंडाळायला वाकली. आपण चुकलो काय, असं तिला वाटून गेलं.

तेवढ्यात एसटीच्या थांब्याकडून आवाज आला. बायडाबाई अजून घरी गेलीच नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून ती फोटो दाखवत होती.

"माजा भीमा हाय ह्यो. आन् काढला कुनी इचार की! मच्छिंद्रनं. आपल्या पारनेरच्या मच्छिंद्रनं!"