मार्थाआजींचा खोका

शेवटी ती शाल सुमितनंच पांघरली. पण ते जाऊ द्या, तसं विशेष काही झालंच नाही.

झालं इतकंच, की जालन्यातल्या त्यांच्या चर्चमध्ये नाताळच्या झाडाची सजावट सुमितकडं होती. फोटो झकास यावा म्हणून त्यानं बुटांचे रिकामे खोके चमकी कागदात गुंडाळून झाडाखाली मांडले आणि खरे वाटावेत म्हणून त्यांवर मंडळीतल्या लोकांची नावं टाकली. "देवानं आपला एकुलता एक पुत्र दिला, तुम्हीही देताना हात आखडू नका," असं पाळकसाहेब म्हणाले. बाकीचे ती सजावटच समजले. एकट्या राहणाऱ्या मार्थाआजी मात्र आपल्या नावाचा खोका छातीशी धरून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सुमित नवी शाल घेऊन धावला. खोका येशूच्या तसबिरीखाली तसाच होता.

"आजी, उघडला न्हाई?"

"घाई कामून? येशूबाळ बी कापडात गुंडाळूनच आल्तं. पुढच्या नाताळात सगळ्या मंडळीसमोर उघडीन, तुझं नाव घेऊन. अन् ही शाल कामून आणली रं? मला मिळालं की. एखाद्या गरिबाला दे."



तरी प्रभूचरणी नम्र विनंती, की पुढील वर्षीचा नाताळ अपरिहार्य कारणास्तव रद्द करण्यात यावा. आपला नम्र, सुमित.