चार दिवसांची सुकडी

चंद्रीनं मान वळवून आपल्या कुशीकडे पाहिलं आणि पुढच्या खुरानं जमीन उकरली. मंजुळाबाईनं नवऱ्याला हाक मारली.

"अवो, इकडे या! चंद्रीचं पोट दुखून राह्यलं."

गुलाबराव टांग्याच्या चाकाला वंगण देत होता. तो तसाच धावला. नऊ दिवसांची बाळंतीण घोडी. दुष्काळानं कडबा संपलेला, दूध आटत चाललेलं. शिंगरू कासेला ढुसण्या देऊन देऊन थकायचं. आता घोडी गुडघे मोडून खाली बसू पाहत होती.

"लोळू देऊ नोको! आतडं पिळलं तर गेली समज." त्यानं लगाम ओढून तिला अंगणात काढलं. "तू काही खाऊ घातलं काय?"

मंजुळाबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं. "सुकडी देल्ली."

"किती?"

"चार दिवसांची. दुष्काळी कामावर आमाले खायाले भेटते ते. दूध येईन म्हनलं."

गुलाबराव जागच्या जागी थांबला. "मीबी सकाळी रेशनची मिलो जवारी भिजवून देल्ली. पायलीभर."

दोघांनीही एकमेकांना सांगितलं नव्हतं. जनावरांचा डॉक्टर खामगावला. दुपारची यष्टी निघून गेलेली, आणि गावात टांगा एकच, तोही चंद्रीच ओढायची.

ती दोघं आळीपाळीनं चंद्रीला फिरवू लागली. विहिरीपर्यंत जायचं, परत यायचं. घोडीच्या मानेवर घाम डवरला होता. ती बसायला गेली की मंजुळाबाई तिच्या पोटाला खांदा लावायची. "बाई, बसू नोको. तुह्या पाया पडतो." शिंगरू खिंकाळत मागे मागे धडपडत होतं.

उन्हं कलली. विहिरीशी चंद्री एकाएकी थांबली, शेपूट उचललं आणि भदाभदा लीद टाकली. मग अंग झाडून फुरफुरली.

गुलाबराव तिच्या मानेला बिलगला. "सुटली," म्हणाला, आणि लहान पोरासारखा हसला. मंजुळाबाईही पदरात तोंड घालून हसली.

हसता हसता तो थांबला. बायकोच्या सैल झालेल्या बांगड्यांकडे त्याचं लक्ष गेलं.

"मंजुळे, चार दिवस तू काय खाल्लं?"

"तिकडे पाहा ना," ती म्हणाली, "शिंगरू पेऊन राह्यलं."