गुडघाभर खड्ड्यातली समई

समई तिसऱ्यांदा विझली, तेव्हा गुरुजींनी वात बदलली आणि संयोजकांनी वाऱ्याला नावं ठेवली. वारा सकाळपासून पडलेलाच होता.

पूजा मांडली होती विहिरीच्या तोंडाशी, गुडघाभर खोल खड्ड्यात. शेजारच्या वीजकेंद्राच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड या विहिरीतून खाली काळ्या पाषाणात कायमचा गाडायचा होता. चाचणी महिनाभर चालू होती, आज मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन. ‘एक बुडबुडाही वर येणार नाही’ हे त्यांच्या भाषणातलं वाक्य प्रकल्पाची भूगर्भतज्ज्ञ नयना हिनेच लिहून दिलं होतं.

तिने काडेपेटी घेतली आणि काठावर बसून काडी ओढली. काडी वर छान जळायची, खड्ड्यात नेली की मान टाकायची. हवेपेक्षा जड असलेला पाहुणा तिथे ठाण मांडून बसला होता, आणि त्याची पाठवणी तिनेच केली होती.

“गुरुजी, आत वाकू नका, बाजूला या,” ती म्हणाली. मग प्रकल्पप्रमुख साहेबांच्या कानाशी लागली. “सर, व्हॉल्व्ह बंद करावा लागेल. गॅस परत वर येतोय.”

साहेबांनी आधी खड्ड्याकडे पाहिलं, मग कॅमेऱ्यांकडे. “मंत्री फाटकाशी आलेत. मी बघतो काय ते.”

त्यांनी बघितलं. त्यांच्या गाडीतल्या गणपतीपुढची सेलवरची समई ड्रायव्हरने आणून खड्ड्यात ठेवली.

मंत्र्यांनी मंचावरून बटण दाबलं आणि भाषण सुरू केलं. बुडबुड्याच्या वाक्यावर टाळ्या पडल्या. नयनाने खड्ड्यात पाहिलं. ज्योत जराही हलत नव्हती.