चाचणीचा पेशंट

“इतक्यात मरू नका,” ती म्हणाली. “अजून ॲम्ब्युलन्स यायचीय.”

कापड बेतायच्या टेबलावर आडव्या झालेल्या टेलरने एक डोळा उघडून बायकोकडे पाहिलं. हौशी नाटकांतून तो आजवर अनेकदा मेला होता आणि दरवेळी प्रेक्षक हसले होते. तरीही वस्तीच्या समितीने पेशंट म्हणून त्यालाच निवडलं, कारण दुसरं कोणी तयारच झालं नाही.

विमानतळाची धावपट्टी वाढणार होती आणि हॉस्पिटलकडे जाणारा सरळ रस्ता तिच्याखाली जाणार होता. त्याच्याऐवजी कुंपणाच्या कडेकडेने वळणरस्ता काढला होता. रस्ते खात्याचे साहेब म्हणत, थोडाच फरक पडेल. वस्ती म्हणे, त्या थोड्यातच माणूस जाईल. सभांवर सभा झाल्या, घसे बसले. शेवटी समितीचा अध्यक्ष असलेला बेकरीवाला म्हणाला, “साहेब, आता बोलणं पुरे. आम्ही पेशंट देतो, तुम्ही शेजारी बसा. नव्या रस्त्याने नेऊन दाखवा.”

साहेब कबूल झाले. पटलं तर धावपट्टीखालून भुयारी रस्ता करायची शिफारस करणार होते. नाही पटलं, तर सोमवारी जुना रस्ता बंद.

“म्हणजे सगळं माझ्या अभिनयावर आहे,” टेलर म्हणाला.

“म्हणूनच काळजी वाटतेय,” ती म्हणाली आणि खुर्चीवर टेकली. तिच्यापुढचा चहा तसाच होता, त्यावर साय धरली होती.

“घे की तो.”

“नको. पित्त झालंय सकाळपासून.”

“मग दाखवून ये ना डॉक्टरांना.”

“जायचंच आहे ना तिकडे आत्ता. दोन-दोन हेलपाटे कशाला? तुम्ही करा बघू पुन्हा.”

त्याने छाती गच्च धरली आणि अशी किंकाळी फोडली की शेजारच्या दुकानातून कोणीतरी “काय झालं?” म्हणून ओरडलं.

“खोटं वाटतं,” ती म्हणाली. “एवढी छाती बडवत नाही कोणी. आधी जबडा दुखतो. मग पाठ, खांदा. हात जड होतो. घाम येतो, पण गार. आणि माणूस ओरडत नाही हो, गप्प होतो. उगाच सगळ्यांची धावपळ नको म्हणून.”

“तुला कसं कळलं हे सगळं?”

“तुमच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणायला कोण जातं? बसावं लागतं तिथे तासतासभर. पडतं कानावर.” तिने पिशवी डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतली. “असं करू. मी तुमच्या पायाशी बसते. तुमचं जास्त व्हायला लागलं की घोटा दाबते. दाबला की आवरायचं.”

“आणि चांगलं झालं तर?”

“तर नाही दाबणार. संसारात कधी वेगळं केलंय का मी?”

तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली. वस्ती दाराशी जमली होती. कोणीतरी म्हणालं, “काका, परत या बरं का.” सगळे हसले. टेलर स्ट्रेचरवर झोपला, ती पायाशी बसली. साहेब बाजूच्या बाकावर, हातात घड्याळ. त्यांनी घड्याळाचं बटण दाबलं आणि सायरन सुरू झाला.

सुरुवातीचा पट्टा गुळगुळीत होता. साहेब म्हणाले, “बघा, काय वाईट आहे?” टेलरने डोळे मिटून कळ आल्याची नक्कल केली. बरी जमली.

मग खडीचे ट्रक लागले. ॲम्ब्युलन्स त्यांच्यामागे रांगत राहिली. कुंपणापलीकडून एक विमान इतकं खालून गेलं की औषधांच्या बाटल्या थरथरल्या. संधी साधून टेलर जोरात विव्हळला, “अगं आई गं, गेलो!”

घोट्यावर हात पडला. दाबला गेला.

त्याने आवाज खाली आणला.

“टेलर, जरा जास्त होतंय,” साहेब हसून म्हणाले. ड्रायव्हरही हसला.

विमानतळाच्या मालवाहू गाड्यांच्या फाटकापाशी गाडी थांबलीच. सायरन वाजत होता आणि पुढचा कंटेनर हलायला जागा शोधत होता. टेलरने नुसता दीर्घ श्वास घेतला, तरी घोटा पुन्हा दाबला गेला. या वेळी जोरात, नखं रुतली. बाईचं समाधान म्हणून होत नाही, असं त्याला वाटलं. मग तिचं मघाचं बोलणं आठवलं. माणूस ओरडत नाही, गप्प होतो. तो अगदी निपचित पडून राहिला.

दाब हळूहळू सैल झाला. हात मात्र तिथेच होता. जमलं म्हणायचं, त्याला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला माझं काम आवडलं.

साहेब आता एकदा घड्याळाकडे, एकदा बाहेर बघत होते. फाटक सुटलं, पुढे पुन्हा वळण आलं, त्यापुढे आणखी एक. हॉस्पिटलच्या दारात गाडी थांबली तेव्हा त्यांनी बटण दाबलं आणि आकडा बराच वेळ पाहिला.

“पटलं,” ते म्हणाले. “खरा पेशंट असता तर हाती लागला नसता. भुयारी रस्त्याची शिफारस आजच करतो.”

टेलर उठून बसला. “ऐकलंस का? जिंकलो आपण.”

मागचं दार उघडलं. खोटा पेशंट येणार हे नर्सला आधीच कळवलेलं होतं, त्यामुळे ती हसत आत डोकावली. तिने उठून बसलेल्या टेलरकडे पाहिलं. मग तिची नजर त्याच्या पायाशी गेली आणि हसू मावळलं. ती झटक्यात वर चढली, घोट्यावरचा तो हात उचलून मनगट चाचपलं आणि साहेबांना विचारलं,

“यांना असं होऊन किती वेळ झाला?”